पासष्ट मिनिटांची मधली सुट्टी: जेवण आणि शंकानिरसन एकाच वेळेत

शाळा सुटल्यावर जादा तास ठेवले, की त्याला साधारण दोन प्रकारची मुलं येतात. ज्यांचं आधीच बरं चाललंय ती, आणि ज्यांना घरून धाडलं जातं ती. ज्याला बस गाठायची आहे, धाकट्या भावंडाला घरी न्यायचं आहे, किंवा "मला हे येत नाही" म्हणायला जीभ रेटत नाही, तो तोवर फाटकाबाहेर पडलेला असतो. जादा तास खरा हवा असतो तो त्यालाच. म्हणून मदत शाळेच्या वेळेतच, म्हणजे मधल्या सुट्टीला जोडून ठेवायला हवी असं माझं ठाम मत आहे. मात्र ती नुसत्या उत्साहावर चालत नाही. तिचा हिशेब आधी कागदावर नीट बसवावा लागतो.

सुरुवात मिनिटांपासून करा. दिवसाला पन्नास मिनिटांचे सात तास आणि तीस मिनिटांची सुट्टी असेल, तर प्रत्येक तासातून पाच मिनिटं काढली की ३५ मिनिटं हाती येतात. सुट्टी ६५ मिनिटांची होते: ३० मिनिटांचा पूर्वार्ध, मध्ये जागा बदलायला ५ मिनिटं, मग ३० मिनिटांचा उत्तरार्ध. मूल एका अर्धात जेवतं, दुसऱ्या अर्धात शंकानिरसनाला, ग्रंथालयात, सरावाला किंवा मैदानावर जातं. ही पाच मिनिटं तासांच्या सुरुवातीची गेलेली बरी. हजेरी आणि फळा पुसणं यात ती एरवीही जातातच. शिक्षक वर्गात आल्यावर पहिल्या मिनिटालाच फळ्यावर एखादं उदाहरण तयार असेल, तर पंचेचाळीस मिनिटं पुरतात. फटका बसतो तो प्रयोगाच्या जोडतासाला, कारण शंभराची नव्वद मिनिटं होतात. तिथे साहित्य आधीच मांडून ठेवणं आणि निरीक्षणांचा तक्ता छापून देणं, एवढं केलं तरी निभतं.

पुढचा प्रश्न रांगेचा. शाळेत ९०० मुलं असतील आणि सगळी शाळेतच वाढून घेत असतील, तर प्रत्येक अर्धात साधारण ४५० मुलं जेवायला येतील. एका मुलाला वाढायला दहा सेकंद धरली, तर एका खिडकीवर मिनिटाला सहा मुलं होतात. चार खिडक्या असतील तर ४५० जणांना जवळपास १९ मिनिटं लागतात. शेवटच्या मुलाच्या हाती ताट येतं तेव्हा त्याची अकराच मिनिटं उरलेली असतात. सहा खिडक्या केल्या, की रांग साडेबारा मिनिटांत संपते. खिडक्या वाढवणं शक्य नसेल, तर घरून डबा आणणाऱ्यांना रांगेच्या वाटेत येऊ न देता वेगळ्या दाराने आत घ्या आणि त्यांची बसायची जागा वेगळी ठेवा. "कधीही जेवा" म्हणून मोकळं सोडलं, तर सगळी शाळा पूर्वार्धातच तुटून पडते. म्हणून मूळ वाटणी इयत्तेनुसार ठेवावी. वरच्या दोन इयत्ता पूर्वार्धात जेवतील, खालच्या दोन उत्तरार्धात, आणि महिन्याने उलट. ज्याचं शंकानिरसन नेमकं त्याच्या जेवणाच्या अर्धात येतं, त्याने वर्गशिक्षकाने दिलेली शंकानिरसनाची चिठ्ठी दाखवून दुसऱ्या अर्धात जेवावं. लवचिकता एवढीच, आणि ती पुरेशी आहे. मधल्या पाच मिनिटांत टेबलं पुसून कचऱ्याचे डबे रिकामे झाले नाहीत, तर दुसऱ्या गटाला खरकट्यात बसावं लागतं. त्या कामाला माणूस नेमून द्या. "मुलंच आवरतील" असं गृहीत धरून चालत नाही.

इथे एक अपवाद कडक पाळायचा. इन्सुलिन घेणाऱ्या किंवा ठरावीक वेळेलाच औषध घ्यावं लागणाऱ्या मुलाचा जेवणाचा अर्ध कायमचा पक्का असतो. कुठल्याही चिठ्ठीने तो हलत नाही, आणि हे त्याच्या प्रत्येक शिक्षकाकडे लेखी असलं पाहिजे.

शिक्षकांचा हिशेब सर्वांत आधी आणि उघडपणे मांडावा, कारण योजना मोडते ती बहुधा इथेच. ४० शिक्षक असतील तर प्रत्येकाला आठवड्यात दोन दिवस शंकानिरसन, एक दिवस देखरेख आणि दोन दिवस पूर्ण मोकळे. कामाच्या दिवशीही एकाच अर्धात काम, दुसरा अर्ध त्यांच्या जेवणाचा. अशाने रोज १६ वर्ग उघडे राहतात, म्हणजे प्रत्येक अर्धात आठ. एका वर्गात जास्तीत जास्त पंधरा मुलं घेतली, तर दिवसाला २४० जागा आणि आठवड्याला १,२०० जागा होतात. देखरेखीला रोज आठ जण, प्रत्येक अर्धात चार: जेवणाची जागा, मैदान, जिने आणि स्वच्छतागृहांकडचा भाग. शेवटच्या दोन ठिकाणी माणूस नसेल, तर दंगा आणि दमदाटी तिथेच सुरू होते. शिक्षकाचं जेवण मोडून ही योजना रेटली, तर महिन्याभरात दारं बंद दिसायला लागतात, आणि त्यात शिक्षकांचा काही दोष नसतो.

वार वाटताना गणिताच्या सगळ्या शिक्षकांना एकच वार देऊ नका. रोज गणिताचा निदान एक वर्ग उघडा हवा. गणित आणि विज्ञान एकाच अर्धात आले, की दोन्हींत मागे असलेल्या मुलाला एकावर पाणी सोडावं लागतं. हे टाळायला वेळापत्रक करणाऱ्याने अशा मुलाच्या दोन्ही विषयांच्या पाळ्या वेगवेगळ्या वारी ठेवाव्यात. एकाच दिवशी वेगवेगळ्या अर्धांत ठेवल्या, तर ते मूल जेवणार कधी?

आता मुख्य भाग: कोणी यायचं? नुसतं ऐच्छिक ठेवलं, तर पहिल्या आठवड्यात गर्दी होते आणि तिसऱ्या आठवड्यात तेच हुशार चेहरे उरतात. म्हणून दर शुक्रवारी विषयशिक्षकांनी यादी द्यावी. चाचणीत उत्तीर्ण होण्याइतके गुण नसलेली, किंवा दोनहून अधिक कामं राहिलेली मुलं त्यात येतील. वर्गशिक्षकांनी सोमवारी पहिल्या तासाला चिठ्ठ्या द्याव्यात, त्याही वर्गासमोर नावं न वाचता. चिठ्ठीवर "गणित कच्चं" असं लिहू नये. "वर्गसमीकरणं: अवयव पाडणे, मंगळवार, पूर्वार्ध, खोली १२" असं लिहावं. यादीतल्या मुलाला आठवड्यात दोन पाळ्या सक्तीच्या, बाकीचे दिवस त्याचे मोकळे. पाचही दिवस अडकवलं तर ती शिक्षाच झाली, आणि मूल तिला शिक्षेसारखंच चुकवायला बघेल. बाहेर पडायची अटही चिठ्ठीवरच असावी: पुढची छोटी चाचणी उत्तीर्ण झाली किंवा राहिलेलं काम दिलं, की नाव निघालं. समजा, २०० मुलं यादीत आहेत. आठवड्याला ४०० जागा त्यांच्या झाल्या, तरी आपणहून येणाऱ्यांसाठी ८०० उरतात.

वर्गातल्या त्या तीस मिनिटांत सर्वांत मोठी चूक म्हणजे धडा पुन्हा शिकवणं. जे सकाळी कळलं नाही, ते तसंच दुपारी सांगून कळत नाही. मुलांनी आत येताच आपला प्रश्न फळ्याच्या एका कडेला लिहावा, त्याला तीन मिनिटं. एकसारखे प्रश्न असलेले एका बाकावर बसतात. मग शिक्षकाने वहीत बघायचं, उत्तराकडे नाही तर पायऱ्यांकडे. एक उदाहरण देतो. क्ष² = ५क्ष हे समीकरण मुलाने सोडवलंय आणि उत्तर क्ष = ५ लिहिलंय. दोन्ही बाजूंना क्षने भागलं, म्हणून क्ष = ० ही उकल हरवली. चाचणीत त्याचे निम्मे गुण जातात आणि त्याला वाटतं आपल्याला वर्गसमीकरणंच येत नाहीत. त्याला पूर्ण प्रकरण नको असतं. "क्ष शून्य असेल तर त्याने भागता येईल का?" एवढा एक प्रश्न पुरतो. मग क्ष² − ५क्ष = ० असं मांडून, क्ष बाहेर काढून तो स्वतः दुसरी उकल शोधतो. लगेच क्ष² = ७क्ष आणि ३क्ष² = १२क्ष अशी आणखी दोन उदाहरणं त्याच्याकडून करून घ्यायची. हे सगळं सात-आठ मिनिटांत होतं, आणि पंचेचाळीस मुलांच्या वर्गात ते करायला सवडच मिळत नाही.

वरच्या इयत्तेतली दोन मुलं मदतीला घ्या. त्यांना एकच नियम पक्का सांगा: दुसऱ्याच्या हातातलं पेन आपल्या हातात घ्यायचं नाही. बुडालेल्या चाचण्या मात्र या वर्गात घेऊ नयेत. त्यासाठी एक शांत खोली आणि आठवड्यातले दोन वार वेगळे ठेवा, नाहीतर शिक्षक पर्यवेक्षण करत बसतात आणि शंका तशाच राहतात. गाण्याची तालीम, खेळाचा सराव, मंडळांच्या बैठका याच वेळेत होणार, ते चांगलंच आहे. मात्र चिठ्ठी असलेल्या मुलाने आधी शंकानिरसनाला जायचं, आणि हे प्रशिक्षकांकडून सुरुवातीलाच कबूल करून घ्यायचं.

हजेरी साधी ठेवा. दाराशी वही, मुलाने स्वतः हजेरी क्रमांक आणि विषय लिहायचा, पाच मिनिटांनी शिक्षकाने रेघ मारून सही करायची. दिवसाअखेर वर्गशिक्षकाने यादीशी ताडून बघायचं. न आलेल्याला त्याच दिवशी विचारलं, तर कारण कळतं. आठवड्याने विचारलं तर बहाणा कळतो.

पहिले दोन आठवडे शंकानिरसन सुरूच करू नका. फक्त दोन अर्ध, घंटा, रांग आणि ये-जा यांचा सराव होऊ द्या. अर्ध संपायच्या दोन मिनिटं आधी इशाऱ्याची घंटा द्या, नाहीतर सुट्टीनंतरच्या तासाला अर्धा वर्ग उशिरा येतो. पावसाच्या दिवशी मैदानावरची मुलं कुठे बसणार, हेही तेव्हाच ठरवून भिंतीवर लावा. परीक्षेच्या तोंडावर सुरुवात नको. सहा आठवड्यांनी वह्या काढून बघा: कोणत्या खोल्या रिकाम्या राहतात, कुठे पंधराच्या वर मुलं दाटतात, आणि यादीतली कोणती नावं सलग तीन आठवडे हललेली नाहीत. रिकाम्या खोलीचा वार बदला, दाटलेल्या विषयाला आणखी एक वर्ग द्या. न हललेल्या नावांसाठी विषयशिक्षक, वर्गशिक्षक आणि पालक यांनी एकत्र बसावं, कारण तिथे अडचण बहुतेक वेळा त्या प्रकरणाच्या आधीच्या इयत्तेतली असते, आणि शंकानिरसन तिथूनच सुरू करावं लागतं.