असू दे, लागलं तर?

माथेरानला जाऊन आलो त्याला आता दोन वर्षं होतील, पण त्या बॅगेचं तुटलेलं चाक अजून आमच्या माळ्यावर प्लास्टिकच्या पिशवीत आहे. नवऱ्याला वाटतं कोणीतरी कधीतरी ते बसवून देईल.

झालं असं की मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही पाच जणं, म्हणजे मी, नवरा, सासूबाई, तेव्हा आठवीतली मोठी आणि तिसरीतला धाकटा, दोन रात्रींसाठी माथेरानला निघालो. डोंबिवलीहून कर्जत लोकल आणि नेरळला उतरायचं, एवढाच काय तो प्रवास. सामान किती? एक २८ इंची ट्रॉली, एक मधली ट्रॉली, दोन सॅक, सासूबाईंची चेनवाली बॅग आणि खाण्याची पिशवी, जिच्यात तीन पुडांचा स्टीलचा डबा. ती मोठी ट्रॉली लोकलमध्ये चढवताना दारातल्या एका काकांनी विचारलं, "गावाला का?" मी "हो" म्हटलं. माथेरानला दोन दिवस, हे सांगायची खरंच लाज वाटली.

आता माथेरानला गाडी आत जात नाही हे मला माहीत नव्हतं असं नाही. शाळेच्या सहलीला गेलेय मी. नेरळहून टॅक्सी घाट चढून दस्तुरी नाक्याला सोडते, तिथून पुढचे अडीच-तीन किलोमीटर तुमचे तुम्ही, म्हणजे पायी किंवा घोड्यावर, नाहीतर जवळच्या अमन लॉज स्टेशनवरून शटल. आमच्या डोक्यात शटल होती. नेरळपासूनची १९०७ सालची मिनी ट्रेन मिळणार नाही हे गृहीतच धरलेलं, पण सुट्टीतल्या शनिवारी शटलची रांग एवढी असेल असं वाटलं नव्हतं. तर नवरा म्हणाला, चालत जाऊ, बॅगला चाकं आहेत ना, हमाल कशाला.

चाकं ही एअरपोर्टच्या फरशीसाठी असतात. माथेरानची लाल माती, त्यात वर आलेली झाडांची मुळं, मध्ये मध्ये दगड, आणि घोड्यांनी जे काही टाकलेलं असतं ते. दहा मिनिटांत एक चाक गेलं. मग तो बॅग ओढायचा थांबून उचलायला लागला, दर शंभर पावलांवर खाली ठेवायला लागला, धाकट्याला तहान लागली, मोठीला तिच्या पांढऱ्या शूजची काळजी, आणि झाडावर माकडं बसलेली जी खाण्याच्या पिशवीकडेच बघत होती. शेवटी मागून एक हमाल बाई आली, माझ्याच वयाची असेल. तिने कमरेचा कपडा काढून त्याची चुंबळ केली, डोक्यावर ठेवली, ट्रॉली आडवी करून वर घेतली आणि एका हाताने तुटलेल्या चाकाची बाजू धरली. मला म्हणाली, "किती दिवस राहणार ताई?" मी म्हटलं परवा परत. ती काही बोलली नाही. चालायला लागली आणि आम्ही सगळे रिकाम्या हातांनी तिच्या मागे, तरी ती आमच्या पुढेच. तो पाऊण तास मी विसरलेले नाही. त्या बॅगेत माझे चार जादा ड्रेस होते आणि नवऱ्याची इस्त्री होती. इस्त्री, माथेरानला!

घरी आल्यावर मी एक गोष्ट केली जी आता दर ट्रिपनंतर करते. बॅगा रिकाम्या करायच्या आधी जे वापरलंच नाही ते सगळं पलंगावर एका बाजूला काढलं. धाकट्याच्या नऊ जोड्यांपैकी पाच. पाच टर्किश टॉवेलपैकी दोन. छोटी कढई (विचारू नका, मुलांना भूक लागली तर मॅगी करू म्हणून). हेअर ड्रायर. मोठीची दोन जाडजूड पुस्तकं, माझं एक. सासूबाईंची सोलापुरी चादर मात्र त्या ढिगात नव्हती, ती त्यांनी दोन्ही रात्री वापरली होती. म्हणजे हॉटेलची चादर स्वच्छ होती तरी वर आपली घातली.

ढीग जवळजवळ पलंगाची एक बाजू भरून होता. त्याच्याकडे बघताना माझ्या लक्षात आलं की ह्यातली एकही वस्तू कोणी हौसेने घेतलेली नव्हती. प्रत्येक वस्तूमागे "असू दे, लागलं तर?" होतं. आणि हे म्हणणारी बहुतेक वेळा मीच. आमच्याकडे बॅग मी भरते आणि उचलतो नवरा. जो भरतो त्याला वजन कळत नाही आणि जो उचलतो त्याला आत काय आहे ते माहीत नसतं, त्यामुळे तो फक्त चिडतो आणि मी म्हणते मग तू भर. ही आमची वीस वर्षांची भांडणाची ठरलेली जागा. रेल्वेचीही फूस आहेच म्हणा, स्लीपर आणि थर्ड एसीला माणशी ४० किलोपर्यंत फुकट नेता येतं, त्यामुळे तिथे कोणी अडवत नाही. विमानाला १५ किलो म्हटलं की आपोआप शहाणपण येतं.

मग मी रद्दीवाल्याकडे असतो तसा हुकाचा छोटा काटा ऑनलाइन मागवला. माझ्या आयुष्यातली सगळ्यात कामाची खरेदी, खरं सांगते. दोन दिवस घरातलं काय काय लटकवून बघितलं. रिकामी २८ इंची ट्रॉलीच साडेचार किलो! म्हणजे आत रुमाल टाकायच्या आधी साडेचार किलो. नवऱ्याची जीन्स सातशे ग्रॅम. टर्किश टॉवेल सहाशेच्या आसपास, गुणिले पाच म्हणजे तीन किलो, आणि ओला झाला की वेगळाच हिशोब. तीन पुडांचा डबा रिकामा नऊशे ग्रॅम. आणि साधा सुती पंचा? दीडशे. सासरे होते तोपर्यंत घरात पंचे असायचे, त्यांच्यानंतर ते फडक्यांत गेले होते. मी बाजारातून नवे पाच आणले.

पंच्याचं मी जरा जास्तच कौतुक करणार आहे, सहन करा. अंग पुसायला तर आहेच, तासाभरात वाळतो. पण खरी कमाल म्हणजे कपडे धुतल्यावर. टीशर्ट हाताने पिळायचा, मग कोरडा पंचा पलंगावर पसरायचा, त्याच्यावर टीशर्ट सपाट ठेवायचा, दोन्ही मिळून गुंडाळी करायची आणि दोघांनी दोन टोकं धरून उलट्या बाजूंनी पिळायची. आतलं पाणी पंचा पितो. टीशर्ट जवळजवळ इस्त्रीच्या आधी असतो तेवढाच दमट राहतो, पंख्याखाली टाकला की सकाळपर्यंत घालण्यासारखा. हे एकदा जमलं की सात दिवसांचे सात जोड नेण्याचं कारणच उरत नाही. अंगावर एक, बॅगेत दोन. कोकणात दमट हवेला सुती कपडा तरी उशीर लावतो, तिथे नवऱ्याचे ते जिमचे सटकन वाळणारे टीशर्टच बरे. जीन्सला मात्र बंदी, ओली झाली की तीन दिवस वासच मारत बसते.

आता सासूबाई. त्यांना मी काहीच सांगितलं नाही. सांगून झालं असतं तर मागेच झालं नसतं का. पण मी घरभर काटा घेऊन फिरतेय म्हटल्यावर त्या स्वतःच म्हणाल्या, "आण गं तो इकडे, माझी चादर किती भरते बघू." सव्वा किलो भरली. त्या काही बोलल्या नाहीत, पण संध्याकाळी चहाला सुरू झाल्या. त्यांच्या लहानपणी सुट्टीत आजोळी जायचं म्हणजे वळकटी, पत्र्याची ट्रंक आणि फिरकीचा तांब्या, आणि वळकटी नाही नेली तर यजमानांकडे एवढी अंथरुणं नसायची, त्यामुळे नेणं हा शहाणपणाच होता. हे मला पटलं. आपण उगाच म्हणतो पूर्वीची माणसं कमी सामानात जगायची, अहो ती ट्रंक उचलायलाच दोन माणसं लागायची. त्यांच्या हाताला सवय आहे अंथरूण बरोबर असण्याची, हॉटेल आलं म्हणून ती जात नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनीच कपाटातून त्यांची जुनी मऊ सुती साडी काढली. चौघडी केली की चादर, गाडीत खिडकीला अडकवली की पडदा, किनाऱ्यावर मुलांना कपडे बदलायला आडोसा. चारशे ग्रॅम. मी हे कधीच सुचवू शकले नसते.

मग गेल्या नोव्हेंबरात तारकर्ली. ह्या वेळी नियम एकच, ज्याची सॅक त्याने भरायची आणि त्यानेच उचलायची. ट्रॉली नाही. मुलांसाठी मी शाळेच्या दप्तराचा हिशोब लावला, २०२० च्या स्कूल बॅग पॉलिसीत दप्तर मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जड नको असं आहे. धाकटा तेव्हा सत्तावीस किलोचा, म्हणजे त्याला दोन किलो सातशे. (त्याचं रोजचं दप्तर त्याहून जड आहे हे त्याच काट्याने कळलं, तो विषय वेगळा, त्याच्यावर मी वर्गशिक्षिकांशी बोलले आहे.) त्याला काटा दिला आणि म्हटलं तू ठरव. तासभर आतल्या खोलीतून आवाज येत होते. त्याने क्रिकेटचा बॉल ठेवला आणि एक चड्डी कमी केली. मी बघितलं आणि गप्प बसले, हे माझ्यासाठी किती अवघड होतं ते आया समजू शकतील. मोठीने हेअर ड्रायर स्वतःच बाहेर काढला, कारण तो आता तिच्याच पाठीवर येणार होता. दहा वेळा सांगून जे होत नव्हतं ते पट्टा खांद्यावर आल्यावर झालं.

औषधांत मात्र मी काटछाट करत नाही. सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या जितके दिवस जायचं त्याहून तीन दिवसांच्या जास्त, त्यांच्या मूळ पाकिटातच, सुट्या करून डबीत नाही, म्हणजे गोळीचं नाव आणि तारीख दिसते. त्या माझ्या पर्समध्ये, सॅकमध्ये नाही. ओआरएसची दोन पाकिटं, तापाची गोळी, आणि धाकट्याला गाडी लागते म्हणून आलेपाक आणि दोन-तीन रिकाम्या पिशव्या. शाम्पूचे पाऊच, साबणाची अर्धी वडी, दोरीचं एक वेटोळं, सेफ्टी पिना. बाकी जे विसरेल ते मालवणच्या बाजारात मिळतं, मालवण काही चंद्रावर नाही.

आणि डबा घेतला नाही. फक्त रात्रीच्या गाडीसाठी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, तेही बटर पेपरात, खाऊन झालं की पेपर कचऱ्यात. ठाण्याहून तुतारी एक्सप्रेस पकडली. कुडाळला गाडी दोन-तीन मिनिटं थांबते आणि मागच्या सगळ्या कोकण ट्रिपांमध्ये त्या दोन मिनिटांत आमच्या घरात युद्ध व्हायचं, कोण दारात, कोण बॅगा फेकतंय, कोण मुलांना मोजतंय. ह्या वेळी पाच जणं एकामागे एक उतरलो आणि प्लॅटफॉर्मवर उभे राहिलो तरी गाडी उभीच. नवरा मागे वळून डब्याकडे बघत होता, काहीतरी राहिलं असणार अशा चेहऱ्याने. काही राहिलं नव्हतं. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होडीत बसताना पण आमच्या हातात पाण्याची बाटली सोडून काही नव्हतं, आणि सासूबाईंना धरायला दोघांचेही दोन्ही हात मोकळे होते. सॅक खोलीवरच होत्या, मान्य, पण माथेरानला आम्ही खोलीवरच ठेवायच्या वस्तूसुद्धा हातात घेऊन फिरलो होतो.

सगळं छान झालं असं मात्र नाही. जाताना जागा रिकामी होती म्हणून येताना सगळ्यांचेच हात सुटले. मालवणी मसाला, खाजा, आमसुलं, काजू, आणि कोकम आगळाची बाटली जी मी माझ्या सॅकमध्ये उभी ठेवली आणि गाडीत ती आडवी झाली. झाकण थोडंसं ढिलं. पनवेल यायच्या आधी मांडीला काहीतरी गार लागलं. दोन पंचे, एक कुर्ता आणि पर्सचा पट्टा, सगळं जांभळट लाल. पंच्यांचे डाग गेलेच नाहीत, आता ते गाडी पुसायला आहेत. आगळ कोणाला आणायचा असेल तर दोन पिशव्यांत बांधा आणि बाटली हातात धरा, दुसरा उपाय नाही.

घरी येऊन परत पलंगावर न वापरलेल्या वस्तूंचा ढीग काढला. ह्या वेळी एका उशीवर मावला: मोठीची एक टोपी, नवऱ्याचे बूट (चार दिवस चप्पलच घातली त्याने), आणि माझी छत्री. नोव्हेंबरात कोकणात कधीही पाऊस येतो, हे सांगून मी ती नेली होती, आणि चार दिवस लख्ख ऊन. नवऱ्याने छत्री काट्याला लावून दाखवली. तीनशे ऐंशी ग्रॅम.

छत्री मी पुढच्या वेळीही नेणार आहे.