पाच विजय, एकोणीस पराभव

"चिझिकनं पुढे राष्ट्रीय विजेतेपद आणलं ना? मग टर्नर गिलना डावललं म्हणून तुम्ही अजून का हळहळता?"

दर वर्षी नोव्हेंबरअखेर अमेरिकेतली विद्यापीठं आपापल्या फुटबॉल प्रशिक्षकांना नारळ देऊ लागली की हा प्रश्न मला कुणी ना कुणी विचारतंच. २००८ साली मी ऑबर्न विद्यापीठात शिकत होतो आणि त्याच वर्षी ऑबर्ननं टर्नर गिल यांना डावलून जीन चिझिक यांना फुटबॉल प्रशिक्षक नेमलं, म्हणून मला विचारतात. तुम्हीही विचारलंत, तर एकदा सगळं सांगतो.

हा फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल, हेल्मेट घालून खेळतात तो. अलाबामा राज्यात या खेळाचा मोठा व्यावसायिक संघ नाही. लोकांचा जीव अडकलेला असतो तो दोन विद्यापीठांत, अलाबामा आणि ऑबर्न. ऑबर्न गाव तसं लहान, पण मैदानात ८७ हजारांवर माणसं बसतात. सामना जिंकला की गाव टूमर्स कॉर्नरच्या चौकात लोटतं आणि तिथल्या ओकच्या झाडांवर टॉयलेट पेपरची भेंडोळी फेकतं. बघता बघता झाडं पांढरीफेक होतात.

अलाबामानं २००७ मध्ये निक सेबनना प्रशिक्षक म्हणून आठ वर्षांसाठी ३ कोटी २० लाख डॉलर देऊन आणलं होतं. त्याआधीपासून सलग सहा वर्षं अलाबामाला हरवणारं ऑबर्न २००८ मध्ये त्यांच्याकडून ३६-० असं हरलं. ३ डिसेंबरला प्रशिक्षक टॉमी टबरविल पायउतार झाले आणि शोध सुरू झाला.

आमच्या विभागाच्या स्टोअरमध्ये एक कृष्णवर्णीय गृहस्थ होते. काचेची भांडी, रसायनं, हातमोजे, सगळं त्यांच्याकडून सही करून घ्यायचं. आम्ही मराठी मुलं आपसात त्यांना काका म्हणायचो. ऑबर्ननं शिष्यवृत्ती देऊन घेतलेला पहिला कृष्णवर्णीय फुटबॉलपटू जेम्स ओवेन्स, १९६९ चा. काका तेव्हा शाळेत होते आणि तेव्हापासून ऑबर्नचे. खेळातलं जे काही मला कळतं, ते त्यांनी स्टोअरच्या खिडकीतून शिकवलेलं.

५ डिसेंबरला डेट्रॉइटमध्ये बफेलो विद्यापीठानं बॉल स्टेटला ४२-२४ असं हरवलं. बॉल स्टेट त्या हंगामात एकही सामना हरलेलं नव्हतं. बफेलोचे प्रशिक्षक होते टर्नर गिल. दुसऱ्या आठवड्यात काकांच्या खिडकीशेजारी, रसायनांच्या यादीवर, त्या सामन्याचं कात्रण टाचणीनं लावलेलं दिसलं. बाजूला गोलात पेनानं एवढंच लिहिलेलं: 'हा'.

हा म्हणजे कोण? नेब्रास्का विद्यापीठाचा नावाजलेला क्वार्टरबॅक, म्हणजे संघाची चढाई चालवणारा खेळाडू, सुरुवातीपासून खेळलेल्या ३० सामन्यांपैकी २८ जिंकणारा. पण माझ्या मनात राहिलं ते त्यांचं बफेलोतलं काम. १९९९ मध्ये वरच्या श्रेणीत आल्यापासून बफेलोनं सात वर्षांत मिळून दहा सामने जिंकले होते. सात वर्षांत दहा! गिल आले, पहिल्या वर्षी दोन जिंकले, दुसऱ्या वर्षी पाच, तिसऱ्या वर्षी आठ आणि परिषदेचं, म्हणजे ज्या विद्यापीठांच्या गटात ते खेळतात त्याचं, विजेतेपद.

त्या विजयानंतर बफेलोला 'बोल' सामना, म्हणजे हंगामानंतरचा मानाचा सामना, खेळायला मिळाला. तो त्यांचा पहिलाच. खरं तर पहिला पन्नास वर्षांपूर्वी झाला असता. १९५८ मध्ये बफेलोला फ्लोरिडातल्या ऑरलँडोमधून टँजरिन बोलचं बोलावणं आलं. पण ते मैदान शाळांच्या क्रीडा संघटनेच्या ताब्यात होतं आणि गोऱ्या-काळ्या खेळाडूंनी तिथे एकत्र खेळायचं नाही, असा संघटनेचा नियम होता. बफेलोच्या संघात दोन कृष्णवर्णीय खेळाडू होते. संघानं मतदान घेतलं आणि एकमुखानं ठरवलं, दोघांना सोडून जायचं नाही. बोलावणं परत गेलं. त्याच विद्यापीठाला पन्नास वर्षांनी बोल सामन्यापर्यंत एका कृष्णवर्णीय प्रशिक्षकानं नेलं. काकांनी हे सांगितलं तेव्हा मागे हातमोज्यांसाठी रांग लागली होती आणि ते कुणाकडे बघतसुद्धा नव्हते.

ऑबर्ननं गिलना मुलाखतीला बोलावलं. १३ डिसेंबरला नेमणूक मात्र झाली जीन चिझिक यांची. आयोवा स्टेटमध्ये त्यांची दोन वर्षं झाली होती: पाच विजय, एकोणीस पराभव, त्यातले शेवटचे दहा सलग. नाराज चाहते क्रीडासंचालकांच्या तोंडावर हे आकडे ओरडून सांगत होते. ऑबर्नचा माजी विद्यार्थी आणि बास्केटबॉलचा दिग्गज चार्ल्स बार्कली यानं तर जाहीरच म्हटलं की यात वर्ण हेच सगळ्यात मोठं कारण आहे.

मी त्या खोलीत नव्हतो, त्यामुळे कुणाच्या मनात काय होतं ते सांगणार नाही. विद्यापीठानं वर्णाचा आरोप फेटाळला. चिझिक २००४ मध्ये ऑबर्नच्या बचावाचे प्रमुख होते आणि त्या वर्षी संघ अपराजित राहिला होता. घरचा माणूस हवा, हे मला समजतं. गिल यांचेही एकूण विजय पराभवांपेक्षा कमीच होते. पण एकानं बुडालेला संघ वर काढला होता आणि दुसऱ्याचा हातात बुडत चालला होता. तेरा डिसेंबरला टेबलावर हेच दोन कागद होते. त्याच आसपास मिसिसिपी स्टेटच्या सिल्व्हेस्टर क्रूम यांनी राजीनामा दिला होता. आमच्या साउथईस्टर्न कॉन्फरन्स या परिषदेतले ते पहिले कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक. त्यांनाही २००३ मध्ये ते स्वतः जिथे खेळले त्या अलाबामानं डावललं होतं.

सोमवारी स्टोअरमध्ये गेलो तर कात्रण नव्हतं, टाचणी तेवढी होती.

आता तुमचा प्रश्न. हो, चिझिक जिंकले. कॅम न्यूटनसारखा क्वार्टरबॅक मिळाला आणि १० जानेवारी २०११ ला राष्ट्रीय विजेतेपदाच्या सामन्यात ऑबर्ननं शेवटच्या क्षणी ऑरेगनला २२-१९ असं हरवलं. चौदापैकी चौदा. त्या रात्री टूमर्स कॉर्नरला घसा बसेपर्यंत मी ओरडलो, काकाही होते. तो आनंद खरा होता आणि चिझिक यांचं श्रेय मी काढून घेत नाही. पण दोन वर्षांनी लागलेला निकाल मागे नेऊन २००८ च्या निवडीला कसा जोडणार? निवडणाऱ्यांना न्यूटन दिसत नव्हता. आणि निकालच धरायचा तर पुढचाही धरा: २०१२ मध्ये तीन विजय, नऊ पराभव, अलाबामाकडून ४९-० आणि हकालपट्टी.

"गिल तरी कॅन्ससमध्ये कुठे चालले?" असंही विचारतात. नाही चालले. २०१० आणि २०११, दोन वर्षं, पाच विजय, एकोणीस पराभव. तोच आकडा! कॅन्ससनं पाच वर्षांचा करार दोन वर्षांत मोडला. त्याच आकड्यावर एकाला आधी ऑबर्नसारखी जागा मिळाली होती आणि दुसऱ्याला घरी बसवलं. मी हळहळतो ते यासाठी. गिल ऑबर्नमध्ये जिंकलेच असते असं मी कधीच म्हटलं नाही. चिझिकना मिळाली तशी चुकल्यावर सावरायची संधी त्यांना हवी होती, एवढंच माझं म्हणणं आहे.

गिल पुढे व्हर्जिनियात लिबर्टी विद्यापीठात गेले, सात वर्षांत ४७ सामने जिंकले, संघाला वरच्या श्रेणीत आणलं आणि २०१८ च्या डिसेंबरात आजारी पत्नीसोबत राहता यावं म्हणून निवृत्त झाले.

२०२२ च्या हंगामात ऑबर्ननं अधेमधेच प्रशिक्षक काढला आणि उरलेले चार सामने कार्नेल विल्यम्स यांच्याकडे सोपवले. ऑबर्न फुटबॉलचे पहिले कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक, तेही हंगामी. संघ हरत आलेला, तरी टेक्सस ए अँड एमविरुद्ध मैदान गच्च भरलं आणि ऑबर्न १३-१० असं जिंकलं. काका आता निवृत्त आहेत. मी अटलांटाहून फोन केला तेव्हा मागे टीव्हीचा गलका होता. "ऐकतोयस ना?" म्हणाले आणि फोन टीव्हीजवळ धरून ठेवला.

चार सामने झाले, दोन जिंकले, दोन हरले. नंतर ऑबर्ननं कायमचा प्रशिक्षक आणला तो लिबर्टीतून, गिल यांच्या जागी तिथे आलेला.