‘हाडे’ टाका, वऱ्हाडे निघतात

दर्यापूर तालुक्यातल्या एका जिनिंगवर (कापसातली सरकी काढायच्या कारखान्यावर) शेतकरी नोंदणीचं आमचं वेब ॲप चालतं. ऐन सीझनमध्ये, काट्यापुढे कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली असताना फोन आला: नोंदणी असलेले शेतकरी सर्चमध्ये सापडत नाहीत. सगळे नाही, काही काही. सगळंच बंद पडलं तर काम सोपं असतं. हे ‘काही काही’ जीव खातं.

पोचलो तर वऱ्हाडे आडनावाचे काका काउंटरवर तापलेले. “तीन सालांपासून कापूस आणून राह्यलो बावा, अन् तुमचं मशीन म्हनते मी नाहीच!”

डेटाबेसला नाव विचारणारी क्वेरी साधी होती. पोस्टग्रेस हा डेटाबेस, त्यातलं ‘लाईक’, दोन्ही बाजूंना टक्क्याचं चिन्ह, म्हणजे टाकलेला शब्द नावात कुठेही असला तरी सापडावा. लॉग म्हणजे सर्व्हरची नोंद पाहिली, शब्द बरोबर पोचत होता. नावात आगाऊ स्पेसही नव्हती. खातेक्रमांकाने शोधलं तर रेकॉर्ड समोर, नाव तेच. डोळ्यांना तरी.

काउंटरवरची ताई म्हणाली, “सर, नुसतं ‘हाडे’ टाका, निघते.” निघालं! सोबत कुऱ्हाडेही निघाले. “‘ऱ्ह’वाले सगळेच अडतात जी. बऱ्हाटे ‘हाटे’वर भेटतात.” हा बग तिने सीझनभर असाच वळसा घालून चालवला होता. तिला कुणी विचारलंच नव्हतं.

मग दोन्ही नावांची लांबी मोजली. मी टाइप केलेलं ‘वऱ्हाडे’ सात अक्षरखुणांचं, डेटाबेसमधलं आठ. बाइट उलगडल्यावर चोर सापडला. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, हा ‘ऱ्ह’ दोन प्रकारे लिहिता येतो. एक, ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर (०९३१) आणि हलन्त. दुसरा, साधा ‘र’, हलन्त आणि पुढे झिरो विड्थ जॉइनर, म्हणजे न दिसणारी, जागा न घेणारी खूण. ही दुसरी पद्धत युनिकोडच्या २.० आवृत्तीची, जुना मजकूर चालावा म्हणून ती अजून ठेवलेली आहे. जुन्या एक्सेल यादीतली नावं त्या पद्धतीची, नवीन कीबोर्ड मात्र पहिल्या पद्धतीने लिहितात. पडद्यावर दोन्ही हुबेहूब, पण लाईक अक्षराला अक्षर लावून बघतं. ‘हाडे’ जॉइनरच्या पुढे येतं, म्हणून तेवढंच जुळायचं.

सीनियरने फोनवर सांगितलं, नॉर्मलाइज कर, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी कर. पोस्टग्रेस १३ पासून ते फंक्शन आहेच. केलं, फरक शून्य. नॉर्मलायझेशन ‘र’ आणि खालचा नुक्ता (टिंब) मिळून एक ‘ऱ’ करतं, पण जॉइनरला हात लावत नाही.

शेवटी सर्चसाठी वेगळा कॉलम केला. त्यात आधी नॉर्मलाइज, मग ट्रान्सलेट: ‘ऱ’चा ‘र’ आणि जॉइनर (कॅरेक्टर ८२०५) गायब. शोधायच्या शब्दालाही तीच प्रक्रिया. मूळ नावाला मात्र धक्का लावला नाही. तिथला जॉइनर काढला असता तर पावतीवर रफार चढून ‘वर्हाडे’ छापलं गेलं असतं, आणि काका परत काउंटरवर!

काकांची गाडी काट्यावर गेली. पण खरं काम पुढेच होतं. नाव सापडत नाही म्हणून दुसऱ्या ऑपरेटरने बऱ्याच जणांची नवी नोंदणी करून टाकली होती, आणि तीच नाव-गावाची जोडी दोनदा येऊ न देणारं युनिक बंधन त्यांना वेगळी माणसं समजून गप्प बसलं होतं. एकाच माणसाचं निम्मं वजन एका खात्यावर, निम्मं दुसऱ्यावर. ती जुळवणी कोडने करायची माझी हिंमत झाली नाही. यादी छापली, मुनीमजी काटापावत्यांचा गठ्ठा घेऊन बसले आणि ताई एकेक खातं वाचू लागली.