कॉन्स्टेबलचे विव्हनहो पार्क

जॉन कॉन्स्टेबल या इंग्रज चित्रकाराने १८१६ साली रंगवलेले ‘विव्हनहो पार्क, एसेक्स’ हे चित्र आज वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये आहे, आणि संग्रहालयाने प्रतिमा खुली ठेवल्यामुळे सांगलीत बसूनही ते बारकाईने पाहता येते. कुरणात चरणाऱ्या गाई, तळ्यातले हंस, होडीतून जाळे ओढणारी माणसे आणि मागे झाडीतून डोकावणारा तांबूस विटांचा वाडा पाहून, चित्रकाराला हे दृश्य आयतेच सापडले असावे, असे प्रथम वाटते.

प्रत्यक्षात अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात रिचर्ड वुड्स या उद्यानरचनाकाराने या जागेची आखणी केली होती. पाणी कुठे अडवायचे, झाडांचे पुंजके कुठे राखायचे, हे सारे आधीच ठरले होते. आमच्या आमराईतही झाडे कोणीतरी ठरवून लावली आहेत हे सावलीतून चालताना क्वचितच जाणवते. तिथे मात्र ते जाणवू न देणे हाच रचनेचा उद्देश होता.

या रचनेवर चित्रकाराने आणखी एक रचना केली. पार्कचे मालक जनरल रेबो हे त्याच्या वडिलांचे स्नेही. त्यांना आपल्या इस्टेटीतले इतके काही चित्रात हवे होते की दृष्टिक्षेपात मावणार नाही इतके दृश्य पसरले, अशी अडचण कॉन्स्टेबलने आपली वाग्दत्त वधू मारिया बिकनेल हिला पत्रातून कळवली. अखेर त्याने कॅनव्हासला दोन्ही बाजूंना पट्ट्या जोडल्या. साधारण ५६ सेंटिमीटर उंच आणि १०१ सेंटिमीटर रुंद अशा या चित्राचा लांबट आकार त्यातूनच आला. डावीकडे गाढवाच्या गाडीत मालकांची मुलगी आली आणि उजवीकडच्या टोकाला हरणांचे घर.

एवढी ओढाताण होऊनही चित्र विस्कटत नाही, याचे श्रेय मी ढगांना देतो. भाद्रपदात उघडीप पडल्यावर कृष्णाकाठच्या शेतांवरून सावल्या सरकतात, तशाच इथेही कुरणावर आणि पाण्यावर उजेड-सावलीचे पट्टे आहेत, आणि दूरदूरच्या वस्तूंना तेच एकत्र बांधतात.

या कामाच्या मोबदल्याचा लग्नाला आधार झाला. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला कॉन्स्टेबल आणि मारियाचा विवाह झाला. मालकाचे मन त्याने राखले खरे, पण हरणांचे घर इतके लहान काढले आहे की ते शोधावे लागते, आणि वाड्यापेक्षा आकाशाला कितीतरी अधिक जागा दिली आहे.