माल्टचा चोथा आणि दाबाखालचे पाणी

एम.टेक.च्या प्रकल्पासाठी बिअरच्या चोथ्यातून आहारातील तंतू वेगळे काढण्याचा विषय ठरला तेव्हा माझी अशी ठाम समजूत होती की बिअर करताना उरणारा चोथा म्हणजे शेवटी बार्लीच, आणि बार्ली म्हटले की बीटा-ग्लुकन हे विद्राव्य तंतू हाती येणारच. ही समजूत पहिल्याच आठवड्यात मोडली. धान्याला मोड आणताना आणि पुढे ते कोमट पाण्यात मुरवताना बीटा-ग्लुकनचा मोठा भाग विकरांच्या तोंडी जातो, आणि उरलेल्यातला बराचसा गोड रसाबरोबर निघून जातो. चोथ्यात राहतात ती टरफले व त्यांच्या आतले थर, म्हणजे अरॅबिनोझायलन (झायलोज आणि अरॅबिनोज या साखरांच्या साखळ्यांचा तंतू), सेल्युलोज, लिग्निन (लाकडाला कडकपणा देणारा घटक) आणि कोरड्या वजनाच्या सुमारे पाचव्या हिश्श्याइतकी प्रथिने. तेव्हा शोधायचे होते ते अरॅबिनोझायलन, आणि ते सेल्युलोज-लिग्निनच्या जाळ्यात घट्ट अडकलेले असते.

शंभर लिटर बिअरमागे साधारण २० किलो ओला चोथा निघतो आणि त्यात तीन चतुर्थांशांहून अधिक पाणीच असते. पुण्यातल्या ज्या छोट्या ब्रुअरीतून मी तो आणत असे, तिथला बाकीचा माल रोज सकाळी गोठ्यावर जाई. न्यायला येणारे काका मला पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "ताई, आजचा आजच वापरा, उद्या म्हशीपण नाक मुरडतील." मी दोन बादल्या भरून दुपारी प्रयोगशाळेत पोहोचले, तर चौथा शनिवार असल्यामुळे दाराला कुलूप होते. सोमवारी झाकण उघडले तेव्हा गरम माल्टच्या गोडसर वासाऐवजी शिळ्या ताकासारखा दर्प आला, आणि कडेला बोट लावले तर तार सुटत होती. तो सगळा माल फेकावा लागला. पुढच्या खेपेपासून चोथा आणल्याबरोबर कोमट पाण्याने धुऊन, ट्रेमध्ये पातळ पसरून ६० अंशांवर वाळवण्याचा शिरस्ता ठेवला.

अल्कलीने अरॅबिनोझायलन लवकर सुटते, पण त्याला जोडलेले फेरुलिक आम्ल हे उपयुक्त अँटिऑक्सिडंटही बरेचसे तुटून जाते आणि शेवटी उदासिनीकरणातून तयार झालेले मीठ काढत बसावे लागते. गरम पाण्याच्या पद्धतीत बाहेरून काहीच घालावे लागत नाही. तापमान पुरेसे वाढले की झायलनवरचे, म्हणजे अरॅबिनोझायलनच्या मुख्य साखळीवरचे, अ‍ॅसिटिल गट सुटून अ‍ॅसेटिक आम्ल तयार होते, आणि तेच आम्ल पुढे झायलनच्या साखळ्या तोडते. थोडक्यात, चोथा स्वतःच्याच आम्लात शिजतो.

सुरुवात ऑटोक्लेव्हमध्ये केली, कारण तो हाताशी होता. १२१ अंशांवर, म्हणजे घरच्या कुकरइतक्याच दाबाखाली, एक तास ठेवूनही पाण्याला फिक्या चहाचा रंग येण्यापलीकडे फारसे काही घडले नाही. ओव्हरएंड आणि शॉर्ने यांनी १९८७ मध्ये मांडलेले, तापमान आणि वेळ यांचा एकत्रित परिणाम मोजणारे तीव्रतेचे सूत्र वापरून हिशेब केल्यावर कारण कळले. तापमान सुमारे १० अंशांनी वाढले की परिणाम जवळजवळ दुप्पट होतो. त्यामुळे १८० अंशांवर १० मिनिटांत जे साधते त्यासाठी १२१ अंशांवर नऊ तास लागले असते. मग रसायन विभागातला दाबाचा रिअ‍ॅक्टर मागून घेतला आणि ५० ग्रॅम कोरड्या चोथ्याला अर्धा लिटर पाणी या प्रमाणात थेट १८० अंश गाठले. या तापमानाला आतला दाब वातावरणाच्या दहापट होतो. तिथवर पोहोचायला चाळीसएक मिनिटे लागली, पण मी वेळ मोजायला सुरुवात केली ती १८० दिसल्यावर, जणू तोपर्यंत आत काही शिजतच नव्हते. उघडले तेव्हा गडद तपकिरी द्रव होता आणि करपलेल्या साखरेच्या वासात कडू बदामाची छटा होती. ती फरफुरालची, म्हणजे साखळ्या तुटून झायलोज झाले होते आणि त्यातलेही काही पुढे बिघडले होते.

मग १६० आणि १७० अंशांवरही तसेच करून पाहिले. गाळणीने फार छळले. मलमलच्या कापडावर प्रथिनांचा लगदा बसून थेंबही खाली येईना, म्हणून अखेर सेंट्रिफ्यूजचा आश्रय घेतला. मग द्रवाच्या चौपट इथेनॉल ओतून तंतू खाली बसवायचे. बिअरच्या चोथ्यातून तंतू काढायला पुन्हा अल्कोहोलच लागावे, याची मला दर वेळी गंमत वाटे. १६० अंशांच्या द्रवात पांढुरके पुंजके छान उतरले, १७० अंशांच्या द्रवात कमी, आणि १८० च्या द्रवात तर शोधावे लागले. मी अहवालात बेधडक लिहिले, "१६० अंशांच्या वर तंतूंचा नाश होतो."

माझ्या मार्गदर्शक मॅडमनी ते वाक्य वाचून एवढेच विचारले, "घन चोथ्याचे वजन १७० ला १६० पेक्षा जास्त घटले आहे, मग सुटलेला माल गेला कुठे?" माझ्याकडे उत्तर नव्हते. मग १७० अंशांच्या प्रयोगातले, फेकायला काढलेले इथेनॉल उडवून पाहिले, तर तळाशी बोटाला चिकटणारा तपकिरी पाक उरला. त्यात सुटे झायलोज थोडेच होते, पण सौम्य सल्फ्युरिक आम्लात तासभर तापवून पुन्हा मोजल्यावर ते कितीतरी पटींनी वाढले. म्हणजे तंतूंचा नाश झालेला नव्हता, तर साखळ्या इतक्या आखूड झाल्या होत्या की इथेनॉलच्या जाळ्यातून त्या निसटत होत्या. मी वापरलेली, एओएसी या विश्लेषण-पद्धती प्रमाणित करणाऱ्या संस्थेची ९८५.२९ क्रमांकाची पद्धत असे आखूड तुकडे मोजत नाही, तर २००९.०१ ही पद्धत ते मोजते. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकांच्या २००९ च्या व्याख्येतही दहा किंवा अधिक साखर-एकके असलेल्या साखळ्या निर्विवाद तंतू मानल्या आहेत, आणि तीन ते नऊ एककांचा निर्णय त्या त्या देशावर सोपवला आहे. माझ्या पाकाला तंतू म्हणायचे की नाही, हे त्यामुळे प्रयोगशाळेबाहेर ठरणार होते.

अन्नासाठी १८० अंश फरफुरालमुळेच बाद केले आणि १६० व १७० या दोन तापमानांवर काम पुढे नेले, अर्थात तापण्याचा आणि निवण्याचा वेळही हिशेबात धरून. एवढे झाल्यावर लक्षात आले की सेल्युलोज आणि लिग्निन असलेला उरलेला घन भाग, जो अविद्राव्य तंतूंचा मोठा साठा होता, तो मी दर वेळी वजन करून कचऱ्यात टाकत आले होते. त्याचे विश्लेषण करायला पुन्हा नवा माल हवा होता. या वेळी मी मंगळवारी सकाळी बादल्या घेऊन निघाले, आणि निघण्यापूर्वीच ड्रायर ६० अंशांवर लावून ठेवला.