पाकिटे चाळीस की चार?

सातवीच्या एकचल समीकरणांचा तास होता आणि फळ्यावरचे पहिलेच उदाहरण तो जवळजवळ खाऊन बसले. वर्ग नाशिकचा, त्यामुळे उदाहरण चिवड्याचे: १४.०७ किलो चिवडा ०.३५ किलोच्या पाकिटांत भरला, तर पाकिटे किती? ०.३५ क्ष = १४.०७ ही मांडणी सगळ्यांची बरोबर. उकली मात्र पाच आल्या: ४०.२, ४.२, ०.४०२, ०.०४०२ आणि १३.७२. पाचही फळ्यावर तशाच ठेवल्या.

१३.७२ म्हणजे सरळ वजाबाकी. ‘बाजू बदलली की चिन्ह बदलते’ हे पाठ असते, पण ०.३५ आणि क्ष यांच्यामधला न लिहिलेला गुणाकार दिसत नाही. मध्ये × काढायला लावले की ही चूक बहुधा तिथेच थांबते. ०.०४०२ मध्ये गुणाकाराचा नियम घुसला होता: दोन्हीकडची दशांश स्थळे मोजून बेरीज केलेली. ०.४०२ मध्ये पॉइंट फक्त भाजकातला सरकवला होता. ‘पॉइंट सरकवा’ हे शिकवणे मला पटत नाही ते यामुळेच. आपण दोन्ही बाजूंना १०० ने गुणतो; ३५ क्ष = १४०७ ही ओळ वहीत दिसलीच पाहिजे.

सगळ्यात चिवट ४.२. इथे रीत बरोबर, भागाकार कच्चा. १४० ला ३५ चा भाग ४ वेळा, बाकी ०. खाली ७ उतरवला. ७ ला भाग जात नाही, म्हणून भागाकारात ० लिहायचा, मग दशांश चिन्ह, मग ७० ला ३५ चा भाग २ वेळा: उत्तर ४०.२. मुले तो ० गाळतात, कारण बाकी शून्य आली की त्यांना काम संपल्यासारखे वाटते. उतरवलेल्या प्रत्येक अंकासाठी वर एक अंक पडलाच पाहिजे. अर्थात, भागाकाराआधी अंदाज घेतला असता तर ४.२ टिकलेच नसते: तीन पाकिटे म्हणजे १.०५ किलो, तेव्हा १४ किलोची पाकिटे ४२ पेक्षा थोडी कमी.

“पण सर, पॉइंट दोन पाकीट कसं असेल?” हा प्रश्न आला आणि तास खरा रंगला. ४० पाकिटांत १४ किलो गेले, उरले ०.०७ किलो, म्हणजे ७० ग्रॅम. ३५० ग्रॅमचा पाचवा हिस्सा, तोच ०.२. पण ज्यांनी १४०७ ÷ ३५ करून ४० वर थांबून ‘बाकी ७’ लिहिली, त्यांतल्या कुणी ७ किलो उरवले, कुणी ७ ग्रॅम. दोन्ही बाजू शंभरपट केल्यावर भागाकार तोच राहतो, बाकी मात्र शंभरपट होते. १४०७ मधला प्रत्येक १ म्हणजे किलोचा शतांश, १० ग्रॅम. म्हणून ७ चे ७० ग्रॅम. बाकीला पुन्हा १०० ने भागायचे असते, हे फारसे कुणी सांगत नाही.

शेवटच्या पाच मिनिटांत ४.८ क्ष = १.२ दिले. बऱ्याच वह्यांत ४ आले, कारण मोठ्या संख्येला लहान संख्येने भागायची प्राथमिकपासूनची सवय. ताळा करायला लावला: ४.८ × ४ = १९.२. भाजक नेहमी क्षचा सहगुणक, मग तो मोठा असो की लहान. दोन्ही बाजू दसपट करून १२ ÷ ४८: आधी ०, दशांश चिन्ह, १२० ला २, बाकी २४, २४० ला ५. क्ष = ०.२५.