गटार बघायला रोमला

रोमला जाऊन गटार बघायला कोण जातं? मी गेले. बरोबरची मंडळी कोलोसियमच्या रांगेत उभी राहिली आणि "जा बाई तुझ्या मोरीपाशी" म्हणून मला मोकळं केलं.

फोरममध्ये, म्हणजे प्राचीन रोमच्या मुख्य चौकात, बॅसिलिका एमिलिया या जुन्या सार्वजनिक सभागृहाच्या अवशेषांपुढे संगमरवरी गोल चौथरा आहे. इतका बुटका, की कोणी ढुंकून बघत नाही. हे व्हीनस क्लोआकिनाचं ठाणं. क्लोआका म्हणजे गटार. तेव्हा ही चक्क गटाराची देवी! तिच्या आसपास जमिनीखालून क्लोआका मॅक्सिमा, म्हणजे थोरलं गटार, जातं.

मला वाटायचं, ते संडासांसाठी बांधलं असेल. तसं नाही. टेकड्यांमधली ही जागा दलदलीची होती. परंपरा सांगते, की इ.स.पू. ६व्या शतकात टार्क्विन राजांनी हे पाणी टायबर नदीकडे काढून दिलं, म्हणून इथे फोरम उभं राहू शकलं. आधी तो उघडा नाला होता, वरची कमान नंतरची. घरांचे संडास बहुतेक त्याला जोडलेच नव्हते, आणि त्यात शहाणपणच होतं. आपल्या कमोडखाली पाणी धरून वास अडवणारं वाकडं नळकांडं असतं, ते त्यांच्याकडे नव्हतं. जोडणी केली असती तर दुर्गंधी घरात आली असती आणि टायबरला पूर आला की बाकीचंही! त्यापेक्षा घरातला शोषखड्डा बरा. गटारं धुऊन निघत ती जलसेतूंच्या ओसंडणाऱ्या पाण्याने.

इ.स.पू. ३३मध्ये शहराची व्यवस्था बघणाऱ्या ॲग्रिप्पा नावाच्या अधिकाऱ्याने गटारं साफ करवली आणि स्वतः होडीत बसून आतून टायबरपर्यंत गेला, असं रोमन इतिहासकार डिओ कॅसियस लिहितो. पावसाळ्यापूर्वीची नालेसफाई काठावरून पाहून फोटो काढणारे पुढारी बघत वाढलेल्या मला हा माणूस एकदम आवडला.

पोन्ते पालातिनो पुलावर पोचले तेव्हा ऊन कलत होतं. काठाच्या भिंतीत खाली झुडपांआड दगडी कमान दिसली. ॲग्रिप्पाची होडी इथूनच बाहेर आली असणार. मी बराच वेळ कठड्याला रेलून होते. शेजारून जाणारे लोक मी काय बघतेय म्हणून वाकून बघत आणि निराश होऊन पुढे जात.

दोन मिनिटांवर 'सत्याचं मुख' आहे. खोटं बोलणाऱ्याचा हात ते तोडतं म्हणे. गर्दी तिथे! हा दगडी चेहरा मुळात गटाराचं झाकण असावा, असं काही अभ्यासक मानतात. रांगेत माझ्यापुढे एक मराठी काकू होत्या. त्यांना हे सांगावं की नाही याचा विचार करते, तोवर त्यांचा हात मनगटापर्यंत आत गेला होता.